उपवासाच्या दिवसांची गोळी

रोज नियमाने घेतलेले औषध सहाव्या महिन्यात निष्प्रभ का झाले, या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. उत्तर मला सापडले. परंतु ते सापडेपर्यंतचे दिवस मी ज्या भीतीत काढले, ती भीती अन्य कुणाच्या वाट्याला विनाकारण येऊ नये, हा लेखनाचा खरा हेतू आहे.

मी पिंगळीला राहते. परभणी तालुक्यातील शाळांमध्ये एकतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले. यजमान हयात नाहीत. घरी मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, अशा आम्ही दोघीच असतो.

दीड वर्षापूर्वी, एप्रिलमध्ये, डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढण्याचे ठरले. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासतात, तसे माझेही तपासले. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी मला समोर बसवले आणि डोळ्याविषयी एक शब्दही न बोलता विचारले, “मॅडम, इतक्यात वजन उतरलंय का? डाव्या बरगडीखाली जड वाटतं का?”

दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी होती. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे होई. त्याला मी पित्त समजत होते. डॉक्टरांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. पांढऱ्या पेशींची संख्या चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असावी लागते. माझी एक लाख ऐंशी हजार होती. “डोळ्याचं नंतर पाहू,” ते म्हणाले. “उद्याच नांदेडला रक्तविकारांच्या डॉक्टरांकडे जा.”

मी आकडा पुन्हा वाचला. शून्ये मोजली. ती बरोबर होती.

नांदेडला जाताना गाडी पूर्णा स्थानकात थांबली, तेव्हा अक्का माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, “लोकायला काई सांगू नकू. डोळ्याला चाललाव म्हनायचं.” पुढे वर्षभर आम्ही तेच सांगितले. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलेच, “एका डोळ्याला इतके फेरे?” त्यावर अक्का म्हणाल्या, “मास्तरणीचा डोळा हाय बाई. लय वाचलेला हाय, त्याला येळ लागतो.”

नांदेडला कमरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जेचा, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात त्या मऊ भागाचा, नमुना घेतला. जागा बधिर केली होती; तरीही आतून काहीतरी ओढले जात असल्याची वेदना झाली. ती अर्धे मिनिट टिकते. हे मुद्दाम लिहिते, कारण प्रतीक्षागृहात मला कुणीतरी ती तासभर टिकते असे सांगितले होते.

आठ दिवसांनी निदान कळले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. सावकाश वाढणारा एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. त्यांनी कागदावर दोन गुणसूत्रे काढली, नववे आणि बाविसावे. “या दोघांच्या तुकड्यांची एका पेशीत अदलाबदल झाली. जोडावर एक नवीन जनुक तयार झालं, बीसीआर-एबीएल. सगळा त्रास त्याचा आहे. तुमची यात काही चूक नाही.”

तशीच गुणसूत्रे मी एकतीस वर्षे फळ्यावर काढली होती. दर वर्षी सांगत आले होते की पेशीला विभाजन सुरू करणे कळते, त्याप्रमाणे थांबणेही कळते. एकदाही मला त्या वाक्याची भीती वाटली नव्हती.

वाचकांना समजावे म्हणून आमच्या भागातील उदाहरण देते. शेतातील मोटारीला ‘ऑटो’ लावलेले असते. वीज आली की ती आपोआप सुरू होते आणि बंद करायला कुणी गेले नाही, तर वाफे तुंबून पाणी बांधावरून वाहू लागते. त्या जोड-जनुकापासून बनणारे प्रथिन असे कायम सुरू राहते. पेशीला ते सतत एकच आज्ञा देते: विभाजित हो. हे काम करण्यासाठी त्याच्या एका खाचेत एटीपी नावाचा, पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू बसावा लागतो. इमॅटिनिब हे औषध नेमके त्याच खाचेत जाऊन बसते. फ्यूजच्या जागी लाकडाची खुंटी ठोकावी तसे. मोटार जागच्या जागी असते, परंतु चालत नाही. मात्र औषध हळूहळू शरीराबाहेर जाते, म्हणून ही खुंटी रोज नव्याने ठोकावी लागते.

“रोज एक गोळी, जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत,” डॉक्टरांनी सांगितले. “उपाशीपोटी घेऊ नका, उलट्या होतील. आणि मॅडम, गोळी चुकवायची नाही.”

घरी येताच मी चौकटीच्या कागदाची वही केली. एका चौकोनास एक दिवस. गोळी घेतली की बरोबरची खूण. चुकली तर चौकोन रिकामा ठेवायचा. पापण्या सुजत, पोटऱ्यांत गोळे येत, तेही समासात लिहीत असे.

तीन महिन्यांनी पीसीआर चाचणी झाली. रक्तात त्या जोड-जनुकाचा अंश किती उरला, हे ती सांगते. तीन महिन्यांत तो दहा टक्क्यांच्या आत यावा लागतो. माझा चार आला. डॉक्टर म्हणाले, “औषध लागू पडतंय.” स्थानकावर अक्कांनी मला बळेच पेढा खायला लावला.

श्रावण सुरू होत होता. आमचे घराणे महादेवाचे. निदान झाल्यापासून अशक्तपणामुळे अक्कांनी मला एकही उपवास करू दिला नव्हता. आता मीच म्हणाले की सोळा सोमवार धरते, नवरात्रही करते. कृतज्ञता होती, त्याहून अधिक भीती होती. मिळालेला चारचा आकडा कुणी परत घेऊ नये, अशी ती भीती.

सहाव्या महिन्यात तो एकच्या आत यायला हवा होता. तो सात आला.

हा अहवाल मी मोबाइलवर स्वतःच उघडला. दशांशचिन्ह चुकले असेल म्हणून कागदावर उतरवून पाहिला. मग डाव्या बरगडीखाली बोटे दाबून प्लीहा, म्हणजे या आजारात सुजणारा तिथला अवयव, हाताला लागते का, ते पाहत बसले. त्या दिवसापासून ती सवयच जडली. स्वयंपाक करताना, देवासमोर, कुणाशी बोलतानाही हात तिथेच जाई.

डॉक्टरांनी विचारले, “गोळी चुकली का कधी?”

“एकदाही नाही. रोज वहीत खूण करते,” मी म्हणाले. मी खोटे बोलत नव्हते. वहीत एकही चौकोन रिकामा नव्हता.

“मग त्या प्रथिनात बदल झालाय का, ते पाहावं लागेल. त्याला म्युटेशन म्हणतात. खाचेचा आकार बदलला की हे औषध तिथे बसत नाही. तसं असेल तर दुसरं औषध देऊ. आता तर याच प्रथिनाला वेगळ्याच जागी धरणारं औषधही निघालंय. त्याला ही खाच लागतच नाही. संशोधन थांबलेलं नाही, मॅडम. पण आधी निकाल येऊ द्या. तीन आठवडे लागतील.”

ते तीन आठवडे कसे गेले, ते सविस्तर लिहिणे मला जमणार नाही. अज्ञानी माणूस घाबरतो तो अंधाराला. मला एकेक पायरी दिसत होती: एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. हे गणित मी मुलांकडून तोंडपाठ करून घेतले होते. भाजी निवडताना ते मनात चालू राही. अक्का काही विचारत, मी भलतेच उत्तर देई. माझ्यामागे अक्कांचे कोण करील, हा विचार मी पूर्ण होऊ देत नसे.

दहाव्या दिवशी दुपारी अक्का औषधाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डबा पुसणे, जुनी पाकिटे टाकणे ही कामे त्यांची होती. त्यांना वाचता येत नाही.

“मास्तरीण, ह्या गोळ्या कशानं उरायल्यात?”

“पुढच्या महिन्याच्या असतील.”

“फुडच्या अजून आनल्याच न्हाईत. म्या सोता रिकामी पाकिटं टाकते. ह्या जुन्यातल्याच हायत.” त्यांनी दोन भरलेली पाकिटे आणि एक सुटी गोळी माझ्यापुढे ठेवली. “तू म्हनतीस एकबी चुकली न्हाई. मंग दुकानदारानं फुकट दिल्या व्हय?”

दहा, दहा आणि एक. एकवीस.

मी वही उघडली. रिकामा चौकोन खरोखरच नव्हता. परंतु बरोबरच्या खुणांच्या मधून मधून मी दुसरी एक खूण केलेली होती: ‘उ’. उपवास. तीन महिन्यांत तेरा सोमवार आणि नवरात्राचे नऊ दिवस. त्यांतला एक सोमवार दोन्हींकडे मोजलेला. एकवीस.

सूचना होती ‘जेवणानंतर’. सोमवारी आमच्या घरी तव्यावर भाकरी पडत नाही. दिवसभरात भगर, दूध, शेंगदाणे घेतो; त्याला आम्ही फराळ म्हणतो, जेवण म्हणत नाही. जेवण नाही म्हणून गोळी नाही. जेवणाशिवाय घेऊ नये, असे सांगितलेच होते. मला यात आज्ञापालन दिसले, चूक दिसलीच नाही. ‘आधी सूचना वाचा, मग प्रश्न सोडवा,’ असे मुलांना मी आयुष्यभर सांगितले. सूचना कळली नाही तर विचारा, हे सांगायचे राहून गेले होते बहुधा.

मी अक्कांना समजावून सांगितले. त्यांनी ती सुटी गोळी उचलून तळहातावर घेतली.

“म्हंजी म्हादेवासाठी गोळी सोडलीस?”

“उपवास मोडू नये म्हणून.”

“अगं, त्यानं जगासाठी जहर पेलं. त्याला तुझी एक गोळी चालली नसती व्हय?” एवढे बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले. “इतकं शिकून तू माझ्याहून येडी निघालीस.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही वही आणि डबा घेऊन नांदेडला गेलो. वाटेत मला नव्या भीतीने गाठले, आणि ती आधीच्या भीतीहून वाईट होती. जितके दिवस खुंटी निघाली होती, तितके दिवस ती मोटार चालली होती. त्या दिवसांतच एखाद्या पेशीत खाच बदलली असेल तर? तर ते मी स्वतःच्या हाताने, नेमाने, दर सोमवारी केलेले असणार.

डॉक्टरांनी वहीची पाने सावकाश उलटली. मग म्हणाले, “वही उत्तम आहे. मी ती आधीच मागून पाहायला हवी होती. आणि गोळी चुकली का, एवढंच विचारायला नको होतं. किती उरल्या, तेही विचारायला हवं होतं.”

“मग आता भीती नाही ना?” मी विचारले.

“तसं आज म्हणणार नाही. आकडा वाढल्याचं एक कारण सापडलं, दुसरं नाहीच असं त्यानं सिद्ध होत नाही. निकाल येऊ द्या. गोळी मात्र आजपासून रोज. भगर, दूध, काहीही चालेल. पोट रिकामं नको आणि पाणी भरपूर हवं.”

मला त्यांचा क्षणभर राग आला. मग कळले की ते माझ्याच विषयाच्या शिस्तीने बोलत होते.

निकाल आणखी बारा दिवसांनी आला. म्युटेशन आढळले नव्हते. औषध तेच ठेवले. पुढील तीन महिन्यांत एकही गोळी उरली नाही. अक्का महिन्याअखेरीस रिकामी पाकिटे माझ्यासमोर मांडून मगच टाकत. सोळापैकी उरलेले सोमवार मी पूर्ण केले. त्या दिवशी अक्का भगरीची वाटी, पाण्याचा तांब्या आणि गोळी एकाच ताटात आणून ठेवीत आणि मी गिळेपर्यंत उभ्या राहत. नवव्या महिन्याचा आकडा एकच्या आत आला. आज तो त्याहूनही बराच खाली आहे. डोळ्याची शस्त्रक्रियाही झाली.

मी बरी झाले, असे मी म्हणत नाही. दर तीन महिन्यांनी अहवाल येतो आणि तो उघडण्यापूर्वी माझा हात आजही बरगडीखाली जातो. काही रुग्णांना अनेक वर्षांनंतर, बारकाईने लक्ष ठेवून, गोळी थांबवता येते, असे डॉक्टर सांगतात. माझी वेळ आलेली नाही. भीती गेली नाही. मात्र तिला आता करण्यासारखे एक काम आहे. ती महिन्याअखेरीस गोळ्या मोजते.

ज्या अनोळखी माणसांनी प्रयोगशाळेत बसून त्या एका खाचेचा आकार शोधला, त्यांची मी ऋणी आहे. ते ज्ञान माझ्या घरात पत्र्याच्या डब्यात येऊन पडले होते, आणि ते वापरले जात नाही हे प्रथम दिसले ते वाचता न येणाऱ्या बाईला. तिचे ऋण कसे फेडावे, मला कळत नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. मी लिहिले म्हणून खरे मानू नका. माझ्या आजाराचे नियम तुमच्या आजाराला लागू पडतीलच असे नाही. तुम्ही रोज एखादे औषध घेत असाल, तर आज डबा उघडा, किती गोळ्या उरायला हव्या होत्या आणि किती उरल्या आहेत ते मोजा. उपवासाच्या दिवशी काय करायचे, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि या लेखात शास्त्राच्या ज्या गोष्टी मी सांगितल्या आहेत, त्याही त्यांच्याकडून तपासून घ्या.