क्रूसाखालचा चौकोन

बेकरीतल्या काळवंडलेल्या भिंतीवर, क्रूसाच्या खाली, आज एक उजळ चौकोन दिसला. तिथे कालपर्यंत फळा होता. नाताळापर्यंत किती केक विकायचे, तो आकडा मीच त्यावर लिहिला होता. देवाच्या नावाने चालवलेल्या धंद्याला उद्दिष्ट हवं, असं मला मनापासून वाटायचं.

भट्टी पेटवण्याआधी आम्ही सगळे क्रूसासमोर उभं राहून प्रार्थना करतो. काल आमेन झाल्यावर बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "डोळे उघडे ठेवून आकडा बघत होतात ना?"

"तुला कसं कळलं?"

"माझे तरी कुठे मिटले होते!"

आम्ही हसलो खरे, पण ते हसू दिवसभर टोचत राहिलं. आकडा गाठला तर मी देवाची कृपा म्हणेन. हुकला तर? तर मनातल्या मनात त्यालाच जाब विचारेन. मग मी हात जोडतो ते नेमके कोणासमोर?

संध्याकाळी फळा उतरवून मी गोदामात ठेवला.

आज प्रार्थनेत त्या कोऱ्या चौकोनाकडे नजर गेली, म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले. आकडा तिथेही होता.