वाडगैमामांची शिकवण

घर बघायला गेले की वाडगैमामा थेट न्हाणीघरात शिरत. बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात वाहून जातं ते पाहत, मग उकिडवे बसून मोरीचा वास घेत. घराचा मालक बाहेर ओशाळून उभा असे. "पुढची खोली दाखवायास रंगवतात," मामा म्हणत, "मोरी कोणी रंगवीत नाहीं."

आमच्या कुंभकोणमला भाड्याला वाडगै म्हणतात. मामांचा सारा जन्म लोकांना भाड्याची घरं मिळवून देण्यात गेला, म्हणून हे नाव. तसे ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेले मराठी माणूस. घरात आमची जुनी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. ते स्वतः एका खोलीत भाड्याने राहत, आणि याचं आम्हाला कधी नवलही वाटलं नाही.

मी शाळेत गणित शिकवत होतो. एखादं घर घेऊन भाड्याने द्यावं असं माझ्या डोक्यात आलं, आणि मामांनी मलाच विद्यार्थी करून टाकलं. चैत्रात मी एका घराच्या प्रेमात पडलो होतो; त्यांनी ते दिवाळीपर्यंत घेऊ दिलं नाही. आमच्याकडे खरा पाऊस तेव्हा असतो. आठ दिवस झड लागली आणि त्या घराच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढली. पुढे दुसरं घर सापडलं. भाड्यातून कर्जाचा हप्ता आरामात सुटेल असं मी त्यांना कागदावर दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्या वर्षातले दोन महिने काट मारून खोडले. घर तेवढे दिवस रिकामं राहणारच, हे धरून जमत असेल तरच घे, म्हणाले.

घर कुणाला द्यावं याची त्यांची पद्धत तर न्यारीच. येणारा माणूस सध्या राहतो त्या घरी ते काहीतरी निमित्त काढून जात आणि तिथलं स्वयंपाकघर पाहून येत. जुन्या मालकाला भेटत. आणि भाडेकरू आपल्यापैकी असला तरी त्याच्याशी तमिळच बोलायचं, हा त्यांचा दंडकच होता. एकदा मी तो मोडला. स्वामीमलैहून माझ्या घरात भाड्याने राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबाशी दारात घरच्या भाषेत बोललो. त्यांनी मला जेवायला पानावर बसवलं, आणि पुढे सात महिने माझ्या तोंडून भाड्याचा शब्द निघेना. शेवटी मामांनीच जाऊन ते घर मोकळं करून घेतलं. मला म्हणाले, "आपली बोली घरांत ठेव, अप्पा. दारांत काढलीस कीं घर गेलें."

त्यांच्या शिकवणुकीवर माझी एकाची तीन घरं झाली. मी हुशार मालक झालो, आणि हे मी अभिमानाने सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मामा माझ्याकडे आले. त्यांच्या मालकाला जुनी इमारत पाडून यात्रेकरूंसाठी लॉज बांधायचा होता. गावभर हिंडले, पण सत्तरी ओलांडलेल्या एकट्या माणसाला कुणी खोली देईना. माझ्या एका घराचा मागचा पोर्शन पंधरा दिवस रिकामा होता, हे त्यांना ठाऊक होतं. "मज दे," ते म्हणाले. "वाडगै देतों. फुकट नको."

मला काय आठवावं? पंचक, मरणाला वाईट मानलेल्या पाच नक्षत्रांचा काळ. एकटा म्हातारा घरात पंचकात गेला तर आमच्याकडे ती खोली सहा महिने बंद ठेवतात, आणि नंतरही लवकर कुणी फिरकत नाही. समोर माझे गुरू उभे होते आणि मी मनात सहा महिने मोजत होतो. मग मी बोललो, ते तमिळमध्ये. "वीडु कालि इल्लै." घर रिकामं नाही.

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. "शरिंग सार," ते म्हणाले. ठीक आहे, साहेब. भाडेकरू मालकाला म्हणतो तसं, अदबीने. छत्री उचलली आणि पायऱ्या उतरले.

नाचियार्कोविलला एका समईवाल्याने दुकानाच्या माडीवर त्यांना जागा दिली. बसने अर्ध्या तासाची वाट. मी एकदाही गेलो नाही. मागच्या पोर्शनमध्ये मी एक बँकवाला ठेवला. फार चांगला माणूस आहे.

गेल्या मार्गशीर्षात समईवाल्याचा फोन आला, मामा पहाटे गेले म्हणून. फोन ठेवून मी आधी पंचांग उघडलं. पंचक नव्हतं. रडू आलं ते त्यानंतर, आणि ते मामांसाठी होतं असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.