अंशतः उघडलेल्या उत्तेजित अवस्था

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी शिष्यवृत्ती एका शब्दावर अडकली. मुदतवाढ मिळाली नाही, तर पुण्याची प्रयोगशाळा सोडून केडगावला घरी परतायचं होतं. अर्जाला मराठी सारांश हवा होता. मी इंग्रजी शीर्षकाचं इमानेइतबारे भाषांतर केलं : 'प्रथिनांच्या अंशतः उघडलेल्या उत्तेजित अवस्थांची रचना'.

पालकाचा अंगठा लागतो म्हणून आईही सोबत होती. नगरच्या त्या कार्यालयात कारकुनाने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि कागद पालथा ठेवला.

"ताई, हे असलं साहेबांपुढं कसं न्यायचं?"

माझं डोकंच फिरलं. प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी, तिची घट्ट घडी बसलेली असते. मधूनच घडीचा एखादा भाग क्षणभर सुटतो नि परत बसतो. सुटलेल्या रूपात ऊर्जा जास्त, म्हणून 'उत्तेजित'. हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला, तसे शेजारच्या टेबलावरचे दोघे चहा सोडून ऐकायला आले. कुठून दुर्बुद्धी सुचली आणि शब्दकोश उघडला, असं झालं मला.

शेवटी आईच पुढे झाली. "आवो दादा, पेटीत लुगड्याची घडी अस्ती न्हवं? त्यातला येखादा पदर सुटतो, परत बसतो. लुगडं तेच ऱ्हातं. ते बगती ही."

"मग असं सांगा की!" कारकुनाचा जीव भांड्यात पडला. त्याने माझं शीर्षक खोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'घड्यांचा अभ्यास'. विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'गृहविज्ञान'. मी तोंड उघडणार, तोच आईने मला चिमटा काढला. साहेबांची सही झाली.

बाहेर पडल्यावर मी नुसती धुसफुसत होते. चार वर्षं जीवरसायनशास्त्रात घासली, आणि सरकारदरबारी मी लुगड्यांच्या घड्या घालते! रिक्षाथांब्यावर आई म्हणाली, "पर मला येक सांग. ती घडी सुटती, तवा आदी कुटनं सुटती? काठाकडनं, का मदनं?"

हाच प्रश्न माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रबंधातल्या एका प्रकरणाच्या समासात लाल शाईने लिहिला होता. सहा महिने मी त्याला बगल देत होते.

"तुला नाही कळायचं ते," मी तिच्यावर खेकसले.