तो घाम होता

माझी बायको लेकीच्या काळजीनं गेली, असं मी वीस वर्षं सांगत आलो. ते खरं नाही.

त्या दिवशी लेकीला नर्सिंग शिकायला नवापूरहून सुरतेच्या गाडीत बसवून आम्ही दोघं बसनं गावी निघालो. विसरवाडी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "मन्हा जीव घाबरी ऱ्हायना." आमच्या बोलीत जीव भीतीनं घाबरतो आणि छातीत दाटून आलं तरी घाबरतो, शब्द एकच. मी भीती धरली, कारण ती माझ्या मनात आधीच तयार होती.

"पोर सुरतले गई, लंडनले नई," मी म्हणालो. ती हसली. मग पदरानं तोंड पुसत राहिली. मला ती रडताना दिसली, डोळ्यांतून पाणी वाहताना दिसलं.

संध्याकाळी चुलीपुढे बसल्या जागीच ती कलंडली.

"माय काय बोलनी व्हती?" परत आलेल्या लेकीनं विचारलं.

"तुन्ही याद करीसन रडनी," मी सांगितलं. लेक पुन्हा सुरतेला गेली नाही. गावातच तिचं लग्न लावलं.

गेल्या महिन्यात मिरची वाळत घालायच्या पथारीवर माझी छाती धडधडली, अंगाला गार घाम सुटला. मला वाटलं, नातीला काहीतरी झालं. खरोखर भ्यालो. नात घरात जेवत होती. डॉक्टर म्हणाले, दुखणं हृदयाचं आहे; छाती धडधडली की मेंदू कारण शोधतो, आणि हाताशी असेल ते चिकटवतो.

तेव्हापासून तो पदर वेगळा आठवतो. ती कपाळ पुसत होती. डोळ्यांतलं पाणी मी घातलं होतं. या आठवणीचीही मला पुरती खात्री नाही, पण आता कपाळच दिसतं.

नातीला सुरतेत प्रवेश मिळालाय आणि लेक नको म्हणते. "मी गऊ नि माय गई," एवढंच तिचं उत्तर. म्हणून परवा ओट्यावर लसूण सोलताना तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे माय रडनी नई व्हती?"

"नई. तो घाम व्हता."

तिनं पुढची पाकळी सोलली. "बस तं विसरवाडीले थांबनी व्हती ना, आबा? तठे दवाखाना व्हता ना?"

होता. बसच्या खिडकीतून दिसत होता. मी तिला तसंच सांगितलं.