शालू सोबत होती म्हणून

शालू आज सकाळी गेली, आणि तिच्या नावाची एक बाई माझ्या टीव्हीवर अजून दार अडवून उभी आहे.

सांगते.

रिटायर झाल्यावर मुलीनं मला एक गेम लावून दिला. भलंमोठं जग, डोंगर, गावं, कुठंही भटका. सोबतीला एक कंपॅनिअन मिळते. तिचं नाव आपण ठेवायचं.
मी शालू ठेवलं. दुसरं काही सुचलंच नाही.

ही गेममधली शालू म्हणजे डोक्याला ताप. मी पहारेकऱ्याच्या मागून लपतछपत निघावं, तर ही त्याच्यासमोर ताठ उभी. मी बाण सोडायला अन् ही मधे यायला एकच वेळ. अरुंद दारात जाऊन उभी राहते आणि हलत नाही. दिवसभर तीच तीन वाक्यं बोलते.

पण माझ्या पाठीवर मावत नाही ते ओझं तीच उचलते. मी पडले की तीच येऊन उठवते.
आणि "इथेच थांब" सांगून मी विसरून गेले, तरी परत येईपर्यंत ती तिथेच असते.

मुलगी म्हणते, आई, काढून टाक ना तिला, एकटी खेळ.
तिला काय सांगू, की एकटीनं कुठं जायची मला सवयच नव्हती.

ऐंशीच्या दशकातलं नागपूर. आमच्या घरात मुलगी बाहेर निघाली की कुठे चालली हा प्रश्न दुसरा.
पहिला प्रश्न, "सोबत कोण हाय?"

माझी सोबत ठरलेली. शेजारची शालू. माझ्याच वयाची, मॅट्रिकला शाळा सुटलेली, लग्न ठरायची वाट पाहत घरी बसलेली. लायब्ररी, टायपिंग क्लास, सीताबर्डीचा बाजार, मी जिथं जिथं गेले तिथं शालू.

किती वैताग द्यायची! बसमध्ये कंडक्टरपासून टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांशी बोलायची. तुमचं गाव कोणतं, लेक कुठं दिली. वर माझंही सगळं सांगून टाकायची, ही मंदा, बीएस्सी झाली, हिले नोकरी पाह्यजे.
मी खिडकीकडे तोंड करून बसायची.

मग कळमेश्वरच्या एका कारखान्यातून लॅबसाठी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. बाबा नाहीच म्हणत होते. आईनं कसंबसं मनवलं आणि शालूला बजावलं, "इले एक मिनिट बी एकटी सोडू नोको."

शालूनं ते शब्दशः घेतलं.

शिपायानं माझं नाव पुकारलं तशी तीही उठली. त्यानं अडवलं, तिनं ऐकलं नाही. माझ्या सर्टिफिकेटांची पिशवी छातीशी धरून आत शिरली आणि माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी विचारलं, "या कोण?"

"मी सोबत आहे," शालू म्हणाली.

साहेब हसले. मग माझ्याकडे वळले, आणि कामाचं सोडून बाकी सगळं सुरू झालं. कारखान्यात एकही बाई नाही. संध्याकाळी एकच बस आहे, ती चुकली तर? घरचे चालू देतील का? मुली महिनाभरात सोडून जातात.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. घरी स्थळं पाहणं सुरू झालं होतं. ही नोकरी गेली तर पुन्हा मला कुणी कुठं पाठवणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी शब्द फुटेना.

तेव्हा शालू बोलली.
"साहेब, तुम्ही हिले कामाचं विचारा ना. जाण्यायेण्याचं मी पाहून घेईन."

साहेबांनी माझा अर्ज पुढे ओढला.
मग साहेबांनी कामाचं विचारलं. ते मला सगळं येत होतं.

नोकरी लागली. सुरुवातीला शालू रोज यायची. मी आत, ती गेटबाहेर चौकीदाराच्या बाकावर स्वेटर विणत. जातायेता बसमध्ये तिची बडबड सुरूच. जरा गप्प बस ना वं, असं मी तिला कितीदा म्हटलं असेल.

मग तिचंच लग्न झालं.

तिच्याशिवाय पहिल्यांदा बसमध्ये चढले त्या दिवशी दांडा धरून दारातच उभी राहिले. टोपलीवाल्या म्हातारीनं सरकून जागा दिली. कंडक्टरनं विचारलं, शालूबाई सासरी पोचल्या का?
संध्याकाळी कारखान्यात उशीर झाला. धापा टाकत स्टँडवर आले, तर बस उभी.
कंडक्टर म्हणाला, मंदाबाई आल्याशिवाय कशी सोडणार, शालूबाई बजावून गेल्या आहेत.

इतके दिवस ती बसमध्ये काय करत होती, ते मला तेव्हा कळलं. माझं जाणंयेणं पाहून घेत होती.

त्याच नोकरीतून मी रिटायर झाले. माझं घर, मुलीचं शिक्षण, सगळं त्यावर उभं आहे.

मागच्या आठवड्यात शालूला रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात ॲडमिट केल्याचा फोन आला. गेम तसाच टाकून धावले. तिचा नवरा आधीच वारलेला, मुलगा परदेशातून निघालेला. आयसीयूच्या दारात सिस्टरनं विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण?

"मी सोबत आहे," मी म्हणाले.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत सोडलं.

काल संध्याकाळी शालूनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. श्वास पुरत नव्हता तरी म्हणाली, "अंधार पडून राहिला. घरी जाय वं मंदे आता. एकटी जाशील ना?"

मी मास्क परत तिच्या तोंडावर लावला. रडू आवरत नव्हतं. तिचा हात धरून बसून राहिले.

आज घरी येऊन टीव्ही लावला, तर ती तिथेच, दारात. आज तिला हलवावंसं वाटलं नाही.

जाईन वं शालू.
जाईन मी एकटी.

तू नीट जाय.