ओळ बघायचा डोळा

माझे सासरे फरशी बसवतात. वय अडुसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या घरात रांगून काढल्यामुळे सुजेवरची गोळी सकाळ-संध्याकाळ ठरलेली, तीही अकरा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर. औषधवाला त्यांना लांबून बघूनच पाकीट काढून ठेवतो.

माझी मुलगी त्यांच्या हाताखाली काम शिकते. पदवी घेऊन पोरगी फरशी बसवायला निघाली, याचा धसका मी वर्षभर पुरवून खाल्ला आहे.

मागे एका बाईंच्या स्वयंपाकघरात तिनं सहा ओळी बसवल्या. सासरे दारात ओणवे झाले, सवयीनं डावा डोळा मिटला आणि ओरडले, "ही ओळ आहे की साप?"

दोन ओळी उखडल्या, पुन्हा बसवल्या. पुन्हा साप. मग त्यांनी दोरी ताणून धरली आणि म्हणाले, "दोरीच वाकडी आहे."

ताणलेली दोरी वाकडी! मालकीणबाई हळूच आत निघून गेल्या.

मुलगी संतापली होती, पण डोकं जागेवर होतं. "आजोबा, आता उजवा मिटा. डाव्यानं बघा."

त्यांनी बघितलं. "गुपचूप सरळ केलीस ना?"

"हातसुद्धा लावला नाही मी."

सासरे तिथेच ओल्या सिमेंटवर बसले. "घरी सांगू नकोस," एवढंच म्हणाले. तासाभरात मला सगळं कळलं होतं.

कुठंतरी मी वाचलं होतं की अशा गोळ्यांचा आणि म्हातारपणी डोळ्याचा पडदा मधोमध बिघडण्याचा काही संबंध आहे का, हे तपासलं जातंय. काळजीच्या भरात त्यातलं प्रश्नचिन्ह मी गाळून टाकलं आणि गोळ्या लोकरीच्या कपड्यांखाली लपवल्या. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना पलंगावरून उठवेना.

"सूनबाई, डोळा वाचवतेस की पाय पळवतेस?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद समोर धरला. उजव्या डोळ्यानं बघत सासरे म्हणाले, "कोणी केलंय हे काम? मधले चार चौकोन उखडून परत बसवा."

बाई हसल्या नाहीत. "पडद्याखाली मधोमध पाणी झिरपलंय. वयानं होतं. इंजेक्शनं लगेच सुरू केली तर नजर राखायला चांगली संधी आहे. टाळलीत तर या डोळ्याची मधली नजर जाईल."

"कुठे टोचणार?"

"डोळ्यात."

सासरे ताडकन उभे राहिले. गुडघ्यांचं नाव नाही.

मी घाईघाईनं गोळ्यांचं विचारलं, लपवल्याचंही सांगून टाकलं. "काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत नाही. गोळीवर खापर फोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "विडी ओढता?"

"सोडली."

"मंगळवारी," मुलगी म्हणाली.

बाईंनी कागदावर 'विडी' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "ती आधी बंद. आणि न तपासता इतकी वर्षं गोळी घेणं पोटाला, मूत्रपिंडांना बरं नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवा." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मात्र परस्पर बंद करू नका."

सासरे अजून दाराशीच उभे. मुलगी शांतपणे म्हणाली, "नको असेल तर राहू दे, आजोबा. उद्यापासून ओळ मी बघेन, तुम्ही सिमेंट कालवा."

ते परत येऊन खुर्चीत बसले. "कुठे सही करायची?"

तिसऱ्या इंजेक्शननंतर पाणी ओसरलं. नजर पहिल्यासारखी नाही, होणारही नाही कदाचित. अजून इंजेक्शनं आहेत आणि प्रत्येकाच्या आदल्या दिवशी ते घरात कोणाशी बोलत नाहीत. पण परवा भाजी निवडताना ते माझ्यासमोर येऊन बसले, डावा डोळा तळहातानं झाकला आणि बराच वेळ बघत राहिले.

"तुझ्या कपाळावर एवढ्या आठ्या आहेत, हे आधी कोणी सांगितलं नाही!"

मी पदरानं डोळे पुसले. तेही त्यांना दिसलं.