कोपऱ्यावरचा हापसा

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत फक्त माझ्या बोअरला पाणी होतं. मी कुंपणावरून एक नळी बाहेर सोडली आणि रोज सकाळी गल्लीसाठी मोटार लावू लागले. कुणी मागितलं नव्हतं. मनातून मात्र मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! मुखेडकडच्या आमच्या गावात माझ्या आईला विहिरीच्या कठड्याला हात लावू देत नसत. कुणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचं. पुढं लातूर जिल्हा नवा झाला, मला कचेरीत नोकरी लागली, निवृत्त झाल्यावर घर बांधलं, बोअर घेतलं. आणि आता सगळ्या जातींच्या घागरी माझ्या दारात रांगेनं!

सुरुवातीला "ताई, लई उपकार झाले" असं चाललं. मग पाणी गढूळ का येतंय, मोटार उशिरा का लावली, धार बारीक का, हे सुरू झालं. समोरच्या इंजिनियरनं तर त्या पाण्यानं गाडी धुतली. ओघळ थेट माझ्या फाटकापर्यंत आला. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी मोटार लावलीच नाही.

थोड्याच वेळात फाटकाशी पाच-सहा बायका जमल्या. मला वाटलं, विनवायला आल्या असतील.

"आमचं पाणी का बंद केलाव?" एकीनं विचारलं.

आमचं! मी ताडकन म्हणाले, "बोअर माझं, लाइट बिल माझं, आणि पाणी तुमचं कसं?"

तेव्हा शेजारच्या किराणा दुकानवाल्या आजी म्हणाल्या, "कोपऱ्यावरचा हापसा कशानं आटला, ताई? तुमचं बोअर झालं न् तवापासून त्याला पाणी न्हाई. तुमच्या तोंडावर कुणी बोललं न्हाई, एवढंच."

हापसा त्याच वर्षी आटला होता, हे मलाही आठवत होतं. दोन्हींचा संबंध मी कधी लावला नव्हता. खरंच माझ्या बोअरनं ओढून घेतलं असेल? की या सोयीचं म्हणून बोलतायत? जमिनीखालचं कुणी पाहिलंय! मी उपकार करत होते की त्यांचंच त्यांना परत देत होते? आणि तसं असेल तर गाडी धुणाऱ्याचंही बरोबरच म्हणायचं का? छे, ते काही मला पटेना.

मी मोटार लावली. राग गेला नव्हता. बायका घागरी भरून निघून गेल्या, एकीनंही माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मी तशीच आजींच्या मागोमाग त्यांच्या घरी गेले, भांडायला म्हणा की नीट विचारायला म्हणा.

आजींनी आधी मला बसायला लावलं. नुकत्याच भरून आणलेल्या घागरीतून त्यांनी भांडंभर पाणी काढलं आणि माझ्या हातात दिलं, दारी आलेल्या कुणालाही देतात तसं.

हे पाणी माझ्या बोअरचं की त्यांच्या हापशाचं? त्यांच्या घरातलं भांडं थेट माझ्या हातात आलं म्हणून मी आभार मानायचे, की त्यांनी माझे? आई असती तर तिला काय वाटलं असतं? उन्हानं घसा सुकला होता. मी ते पाणी गटागट प्याले आणि रिकामं भांडं त्यांच्यापुढं धरून म्हणाले, "अजून द्या."